कात्री कोठे चालवावी?

(द्वितीय वर्ष, कला)

या लेखाचा विषय मी संपादक मंडळातील सरांना सांगितला तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कार्टून? वार्षिकात?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्या वार्षिकात कथा येतात, कविता तर उदंड येतात, सहलीचे वृत्तांत येतात, क्वचित एखादा वैचारिक लेखही येतो. जपानी कार्टून मालिकेची काटछाट कशी करावी यावर आजवर कोणी लिहिलेले नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुसरे काहीच केले नाही, आणि जे केलेच नाही त्यावर लिहिण्याची कला मला अजून साधलेली नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम हा उद्योग मी का आरंभिला ते सांगतो. माझे वडील दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्याहून एका वर्षाने धाकटा असलेला माझा भाऊ दहावीनंतर शाळेत रमला नाही. मामांच्या ओळखीने त्याला नवी मुंबईत काम मिळाले होते आणि १ जूनला तो जाणार होता. आमच्या आतेभावाने नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना मला दिला. त्याबरोबर 'ड्रॅगन बॉल झेड' या मालिकेच्या तबकड्यांचा संचही आला. या मालिकेचे मधलेच चार-दोन भाग आम्ही लहानपणी आतेभावाकडे पाहिले होते. गोकू कोण, तो कोठून आला, पुढे त्याचे काय झाले, यातले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. भाऊ म्हणाला, "दादा, जायच्या आत समदं बघायचं." मी हो म्हणालो आणि नंतर हिशेब केला. हिशेब आधी करावयाचा असतो, पण ते असो.

मालिकेचे एकूण भाग २९१. आम्ही ठरवले की सेल नावाच्या खलनायकाचा शेवट होतो तेथवर, म्हणजे १९४ व्या भागापर्यंत पाहायचे. प्रत्येक भागातील सुरुवातीचे व शेवटचे गाणे, मागील भागाचा गोषवारा आणि पुढील भागाची झलक वगळली तर सुमारे २० मिनिटे उरतात. १९४ गुणिले २० म्हणजे जवळजवळ ६५ तास. माझी परीक्षा १६ एप्रिलला संपली. १७ एप्रिल ते ३१ मे या ४५ रात्री. वडील पहाटे चारला उठतात, त्यामुळे रात्री एक तासापेक्षा अधिक वेळ त्या एका खोलीत पडदा उजळून बसणे शक्य नव्हते. म्हणजे ४५ तास. वीस तास कोठून तरी कापावे लागणार होते.

अशी काटछाट करणारा मी काही जगातला पहिला नव्हे. 'स्टार वॉर्स' चित्रपटमालेतील १९९९ सालच्या 'द फँटम मेनेस' या चित्रपटाची एका चाहत्याने स्वतःच कापून आटोपशीर केलेली प्रत २००१ च्या सुमारास बरीच गाजली होती. तिला 'फँटम एडिट' असे नाव पडले. 'वन पीस' ही जपानी मालिका १९९९ पासून चालू आहे आणि तिचे भाग हजाराच्या पुढे गेले आहेत. तिच्या चाहत्यांनी 'वन पेस' या नावाने तिची वेगवान आवृत्ती करण्याचा घाट घातलेला आहे. याला फॅन-एडिट म्हणतात. एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. मालिका तोएई कंपनीची आहे, माझी नव्हे. मी केलेली प्रत आमच्या लॅपटॉपबाहेर गेलेली नाही व जाणारही नाही. म्हणून ती कोणी कृपया मागू नये.

आता मुळात या मालिकेत कापण्यासारखे इतके का आहे, ते समजून घेणे आवश्यक आहे. अकिरा तोरियामा (यांचे २०२४ साली निधन झाले) यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात १९८४ ते १९९५ या काळात ५१९ प्रकरणांत प्रसिद्ध झाली. चित्रकथा अजून चालू असतानाच १९८६ मध्ये तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. पहिली मालिका १५३ भागांची झाली, आणि १९८९ पासून 'झेड' हे अक्षर जोडून दुसरी सुरू झाली ती १९९६ पर्यंत चालली. या दुसऱ्या मालिकेच्या वाट्याला मूळ चित्रकथेची ३२५ प्रकरणे आली आणि भाग झाले २९१. म्हणजे साधारणपणे एका प्रकरणामागे एक भाग. पंधरा-एक पानांचे प्रकरण वाचावयास पाच मिनिटे पुष्कळ झाली. त्याची वीस मिनिटे करावयाची. बरे, लेखक दर आठवड्याला एकच प्रकरण लिहिणार. मालिका त्याच्या पुढे पळाली तर दाखवायला कथाच उरणार नाही. म्हणून मालिकेच्या लोकांना चालण्याचे सोंग करीत उभे राहावे लागे. या गरजेतून जे निर्माण झाले त्याला इंग्रजीत फिलर म्हणतात. मी त्याला 'भरीचे' म्हणतो. पोट भरण्यासाठी आमटीत पाणी वाढवावे तसे. दोष स्वयंपाकिणीचा नसतो, माणसे जास्त असतात.

खुद्द तोएई कंपनीलाही हे पाणी पुढे डाचले असावे. २००९ मध्ये, 'झेड'ला वीस वर्षे झाल्याचे निमित्त साधून, त्यांनी 'ड्रॅगन बॉल काई' ही आवृत्ती काढली. त्यात सेलच्या शेवटापर्यंतची १९४ भागांची कथा ९८ भागांत बसवली आहे. निम्मीच! आपण म्हणाल, मग तीच का पाहिली नाही? पहिले कारण म्हणजे आमच्याकडे तबकड्या 'झेड'च्या होत्या. दुसरे कारण हिशेबाचे. 'काई'चे ९८ भाग म्हणजे साधारण ३३ तास आणि आमच्याकडे होते ४५. म्हणजे अधिकृत कात्रीने जे टाकून दिले त्यातले बारा तास, सुमारे ३६ भागांचा मजकूर, मला परत घेता येत होता. त्यामुळे माझा प्रश्न बदलला. काय कापावे हे 'काई'वाल्यांनी सांगून ठेवले होते. त्यांनी कापलेल्यापैकी काय परत आणण्याच्या लायकीचे आहे, हे मला ठरवायचे होते. वाचकांना हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण काम करताना तो फार मोठा ठरला. कापताना प्रत्येक दृश्य गुन्हेगार दिसते. परत घेताना प्रत्येक दृश्याला विचारावे लागते, तू कोणाच्या उपयोगी पडतोस?

सुरुवातीला मी सर्वांत सोपा नियम केला होता. मूळ चित्रकथेत आहे ते ठेवायचे, नाही ते टाकायचे. चित्रकथा अधिकृत इंग्रजी भाषांतरात वाचली (माझे इंग्रजी या निमित्ताने सुधारले असे आमच्या मॅडमचे मत आहे) आणि वहीत रकाने आखले. काही प्रकरणी हा नियम उत्तम चालला. गार्लिक ज्युनिअर नावाच्या खलनायकाचे १०८ ते ११७ हे सलग दहा भाग घ्या. हा खलनायक चित्रकथेत नाहीच; तो १९८९ च्या एका चित्रपटासाठी निर्माण केलेला. गोकू अजून पृथ्वीवर परतलेला नाही, तेवढ्या काळात हा येतो, धुमाकूळ घालतो आणि जातो. पुढे कथेवर त्याचा ओरखडासुद्धा उमटत नाही. दहा भाग उचलले आणि तीन तास वीस मिनिटे मोकळी झाली. शिवण उसवावी तसे अलगद निघाले. नामेक ग्रहाकडे जाताना बल्मा, क्रिलिन आणि गोहान एका खोट्याच नामेकवर उतरतात, तेही असेच निघाले.

परंतु लवकरच माझ्या नियमाचा पाय घसरला. १९९० साली दूरचित्रवाणीवर एक खास भाग दाखवण्यात आला. त्यात गोकूच्या वडिलांची, बारडॉकची कथा आहे. हा मूळ कथेत नसलेला, म्हणजे माझ्या रकान्यात 'टाका' या बाजूला पडणारा माणूस. पण तोरियामांना तो इतका आवडला की त्यांनी नंतर स्वतःच्या चित्रकथेत त्याला एका चौकटीत जागा दिली. आता सांगा, मूळ कोणते आणि भरीचे कोणते? पाणी वाढवलेल्या आमटीतला एखादा मसाला आचाऱ्याने आपल्या भांड्यात परत घेतला, तर त्याला पाणी म्हणायचे काय? त्या रात्री मी वहीतला तो रकाना खोडला नाही, पण त्यावरचा माझा विश्वास मात्र कमी झाला.

दुसरी ठेच याहून मोठी होती, आणि ती भरीच्या भागांत नव्हे तर मूळ कथेतल्याच प्रसंगात लागली. फ्रीझाशी गोकूची लढाई हा या मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. फ्रीझा क्रिलिनला हवेत उचलतो आणि स्फोटाने त्याच्या चिंधड्या उडवतो. त्यानंतर गोकूच्या मनात जो संताप उसळतो त्यातून तो 'सुपर सैयन' होतो, त्याचे केस सोनेरी होतात. हा ९५ वा भाग, १९९१ सालचा. चित्रकथेत हे मोजक्या पानांत आहे. पडद्यावर मात्र गोकू थरथरतो, आकाशात विजा कडाडतात, दगड जमिनीवरून वर उचलले जातात, केस क्षणभर सोनेरी होतात आणि परत काळे, पुन्हा सोनेरी, पुन्हा काळे. मी विचार केला, एकदा सोनेरी झाले की पुरे. कात्री चालवली. प्रसंग निम्म्याहून कमी झाला. भावाला दाखवण्याआधी एकट्याने पाहिला, तर गोकू रागावल्यासारखा वाटेचना! दिव्याचे बटण दाबावे तसे त्याचे केस बदलले.

असे का झाले यावर मी बराच विचार केला आणि मला जे उमगले ते येथे मांडतो, कारण या सर्व उद्योगात शिकण्यासारखे हेच जास्त होते. छापील चौकटीला वेळ नसतो. वाचक स्वतः तिला वेळ देतो. क्रिलिन मरतो त्या पानावर मी किती वेळ थांबलो हे तोरियामांनी ठरवलेले नाही, मी ठरवले. मोठी चौकट आली की डोळा आपोआप रेंगाळतो. पडद्यावर मात्र प्रेक्षकाला थांबण्याची मुभा नाही; ते थांबणे कोणीतरी सेकंदांत मोजून त्याला द्यावे लागते. म्हणजे चित्रकथेत तीन चौकटी आहेत म्हणून पडद्यावर तीन क्षण पुरतात, हे गणितच चुकीचे आहे. मालिकावाल्यांनी त्या प्रसंगात घातलेले सारेच पाणी नव्हते. काही भाग वाचकाच्या थांबण्याची भरपाई होता. मी कापलेले सर्व परत जोडले, आणि सोनेरी-काळ्याचा एकच फेरा कमी केला. तेवढा खरोखरच जास्त होता.

याच लढाईत ती सुप्रसिद्ध पाच मिनिटेही येतात. फ्रीझा म्हणतो की पाच मिनिटांत या ग्रहाचा स्फोट होईल, आणि ती पाच मिनिटे जवळजवळ दहा भाग चालतात. मालिकेच्या चाहत्यांत हा कायमचा विनोद आहे. कात्री हाती असलेल्या प्रत्येकाला प्रथम हाच मोह होतो की ही पाच मिनिटे खरोखर पाच मिनिटांची करून दाखवावी. मीही तो प्रयत्न केला. जमत नाही. दोघांची नुसती बोलणीच पाच मिनिटांत मावत नाहीत. मग मी उलट बाजूने विचार केला. लांबी हा दोष नसून 'पाच मिनिटे' हे वाक्यच दोष आहे, तर तेवढे वाक्यच का उडवू नये? पण पुढे वारंवार कोणी ना कोणी ग्रहाच्या स्फोटाची आणि उरलेल्या वेळाची गोष्ट काढतो. एक वाक्य काढावे तर त्याच्यावर टेकलेली सारी वाक्ये लंगडी होतात. शेवटी मी बघ्यांचे चेहरे, तीच तीच धूळ आणि तेच तेच ढग कापले, दहा भागांचे साडेचार झाले, आणि पाच मिनिटांचा विनोद तसाच राहू दिला. आमचा भाऊ त्यावर हसला नाही. तो म्हणाला, "एस्टी बी पाच मिन्टात येती म्हनत्यात की."

येथे थोडे तंत्राविषयी सांगितले पाहिजे. काय कापावे हे पुष्कळदा कथा ठरवत नाही, आवाज ठरवतो. चित्र कोठेही कापता येते. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर उडी मारली तरी प्रेक्षक काही म्हणत नाही. पण 'झेड'च्या मूळ जपानी ध्वनीत बोलणे, पार्श्वसंगीत आणि मारामारीचे आवाज हे सर्व एकाच धाग्यात पिळलेले आहेत. मधला तुकडा काढला की संगीताला उचकी लागते. ती उचकी कानाला इतकी खटकते की इतका वेळ गुंग झालेल्या प्रेक्षकाला एकदम कळते, येथे कोणीतरी काहीतरी काढले आहे. 'काई'वाल्यांनी यावर तोड म्हणून संवाद पुन्हा बोलवून घेतले आणि संगीतही नवे केले. (त्या नव्या संगीतावर पुढे उचलेगिरीचा आक्षेप आला आणि २०११ मध्ये शुनसुके किकुची यांचे जुने संगीतच परत घालावे लागले, हे जाता जाता सांगतो.) माझ्यासारख्याला ती चैन कोठली? मग जेथे संगीत संपते तेथेच कापायचे, किंवा वाऱ्याचा नाहीतर स्फोटाचा घरघराट सांध्यावर पसरून द्यायचा, किंवा आधीच्या दृश्याची सुरावट पुढच्या चित्रावर वाहू देऊन तिथे विझू द्यायची. तीन-चार भरीची दृश्ये मी निव्वळ या कारणाने ठेवली आहेत. ती चांगली म्हणून नव्हे, तर त्यांच्याखाली वाजणारे संगीत मोडवत नव्हते म्हणून.

असे करता करता माझा दुसरा नियम तयार झाला. दृश्य मूळचे की भरीचे हे विचारायचे नाही. पुढचे कोणते दृश्य त्याच्यावर टेकलेले आहे, एवढेच विचारायचे. घराची भिंत पाडताना गवंडी आधी वर पाहतो तसे. उदाहरणार्थ, मेलेला गोकू परलोकात सर्पमार्गावरून धावतो. हा मार्ग दहा लाख किलोमीटर लांब आहे. मालिकेत त्या वाटेवर दोन भरीचे प्रसंग आहेत. एकदा तो घसरून खाली नरकात पडतो, आणि एकदा सर्पराणीच्या महालात अडकतो. 'काई'ने दोन्ही काढले. पण दोन्ही काढल्यावर दहा लाख किलोमीटर हा नुसता आकडा उरतो, आणि गोकूला पृथ्वीवर पोहोचायला उशीर का झाला हे पटत नाही. त्याच्या उशिरामुळे तर तिकडे त्याचे मित्र मरतात! म्हणून मी एक प्रसंग परत घेतला, नरकाचा. सर्पराणी गेली. तिच्यावर कोणीच टेकलेले नव्हते.

याच नियमाने सेलबरोबरच्या अंतिम सामन्याआधीचे दिवस मी जवळजवळ पूर्ण ठेवले. सामन्याला थोडेच दिवस उरले असताना गोकू सराव थांबवतो आणि घरी राहतो. जेवतो, मुलाबरोबर फिरतो, झोपतो. घाईत असलेल्या संपादकाला हे सर्व रिकामे वाटेल. पण पुढे सामन्यात सेल स्वतःसकट सर्वांना उडवून द्यायला निघतो तेव्हा गोकू त्याला घेऊन दूर जातो आणि मरतो. ते घरचे दिवस म्हणजे गोहानला मिळालेले वडिलांचे शेवटचे दिवस. त्या मरणाचा सारा भार त्यांच्यावर आहे. हा नियम आपल्याला सापडला म्हणून मी फारच खूश होतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलाही होता.

कापलेले तुकडे मात्र मी फेकले नाहीत. हे मी आमच्या सरांकडून शिकलो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, हे त्यांनी एका तासाला सांगितले होते. गणपतीने महाभारत लिहून घेतले ही आपणा सर्वांना ठाऊक असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. ती उत्तरकालीन भर ठरली. पण ती नष्ट केलेली नाही, परिशिष्टात ठेवलेली आहे. कुठे महाभारत आणि कुठे माझा गोकू! तरीही मी लॅपटॉपवर 'परिशिष्ट' नावाचा कप्पा केला आणि कापलेला प्रत्येक तुकडा भागाचा क्रमांक घालून त्यात ठेवला. त्यामुळेच पुढची फजिती निस्तरता आली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कथेच्या त्या टप्प्यावर आलो जेथे भविष्यकाळातून एक तरुण येतो आणि सांगतो की तीन वर्षांनी भयंकर यंत्रमानव येणार आहेत. गोकू, गोहान आणि पूर्वीचा शत्रू पिकोलो एकत्र सराव करू लागतात. चित्रकथेत ही तीन वर्षे चुटकीसरशी सरतात; 'काई'तही तसेच. मालिकेत मात्र येथे एक संपूर्ण भरीचा भाग आहे, १२५ वा. गोकूची बायको चीची हट्ट धरते की त्याने मोटारीचे लायसन्स काढावे. मग पृथ्वीवरचे हे दोन सर्वांत बलाढ्य वीर, गोकू आणि त्याच्याबरोबर फरपटत गेलेला पिकोलो, माणसांचे कपडे घालून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जातात. आकाशातून उडणाऱ्या या दोघांना साधी गाडी आवरत नाही; शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्यांची पाचावर धारण बसते. चाहत्यांत हा भाग लाडका आहे हे मला ठाऊक होते. पण माझ्या लाल शाईच्या नियमाला मी विचारले, याच्यावर पुढचे काय टेकले आहे? काहीही नाही. कापला. वीस मिनिटे वाचली.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. त्याच आठवड्यात भावाची पक्क्या लायसन्सची चाचणी होती. वडिलांनी मालकाची परवानगी काढून त्याला महिनाभर टेम्पोवर शिकवले होते. नवी मुंबईत नुसते ओझी उचलणाऱ्याला एक पगार आणि गाडी चालवणाऱ्याला दुसरा. सगळे त्या लायसन्सवर होते. चाचणीला चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती. गाडी मागे सरकली. नापास. आठ दिवसांनी पुन्हा या म्हणाले. वडील काही बोलले नाहीत, आणि त्याचेच त्याला जास्त लागले. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

त्या रात्री आम्ही पडद्यासमोर बसलो. तबकडीवर इंग्रजी अक्षरे येत, मी हलक्या आवाजात मराठीत अर्थ सांगे. भविष्यातला तरुण गेला, तीन वर्षे सरली, यंत्रमानवांचा दिवस उजाडला. भावाने पडदा थांबवायला लावला. म्हणाला, "दादा, तीन वर्सं ह्यांनी काय केलं?"

मी म्हणालो, "सराव केला."

"तीन वर्सं नुस्ता सराव? घरी नव्हतं व्हय कोन?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या नियमाप्रमाणे सर्व बरोबर होते. त्या भागावर पुढचे एकही दृश्य टेकलेले नव्हते, हे आजही खरे आहे. पण तीन वर्षे नावाची जी वस्तू आहे ती स्वतःच कशावर तरी टेकलेली असते, हे मी वर पाहण्याच्या नादात पाहिलेच नव्हते. तीन वर्षांत माणूस लायसन्स काढायला जातो, बायकोची बोलणी खातो, कालच्या वैऱ्याच्या शेजारी बाकावर बसतो. ते काढले तर तीन वर्षे म्हणजे फक्त पडद्यावरची अक्षरे. आणि कालचा वैरी असलेला पिकोलो आज या घरातला कसा झाला, हे सांगण्याची एवढीच एक जागा होती.

खरे म्हणजे तो भाग त्याला दाखवावा की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. नापास झालेल्या माणसाला गाडी न आवरणाऱ्या माणसांची गंमत दाखवणे म्हणजे जखमेवर मीठ, असे वाटत होते. संपादकाने असाही विचार करावयाचा असतो काय, हे मला ठाऊक नाही. 'काई'च्या संपादकांना त्यांचा प्रेक्षक दिसत नव्हता. मला माझा एकमेव प्रेक्षक भिंतीला टेकून बसलेला दिसत होता.

शेवटी परिशिष्टातून १२५ वा भाग काढला आणि क्रम सोडून, यंत्रमानवांची लढाई ऐन रंगात आलेली असताना लावला. हिशेबातली वीस मिनिटे भरून काढायला पुढच्या दोन भागांतील ढग आणि धूळ आणखी छाटली. पिकोलो टोपी घालून गाडीत बसला तेव्हा भाऊ पहिल्यांदा हसला. शिकवणारा ओरडू लागला तेव्हा अंथरुणावरून वडिलांनी मान वर केली. जपानी त्यांना येत नाही आणि मी अर्थ सांगायचे थांबवले होते. गोकूने गाडी उचलली तशी ते म्हणाले, "क्लच सोडला की रं त्यानं." आणि उठून आमच्याजवळ येऊन बसले. भाग कसा संपतो ते मी सांगत नाही. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा.

वीस मिनिटांनी भाऊ म्हणाला, "हा आधी दावायचा व्हतास." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भाग त्याच्या मूळ जागी परत जोडला, संगीताला उचकी न लागता. वहीतला लाल शाईचा नियम तसाच आहे. त्याच्याखाली मी फक्त १२५ हा आकडा लिहिला. वडील मालकाकडून अर्ध्या दिवसासाठी टेम्पो मागून आणायला गेले होते. चढाचा रस्ता आमच्या गावाबाहेर देवीच्या खिंडीत आहे.